बाहेरचा खो

थंडी पडली की माझ्या वयाच्या लोकांचे गुडघे धरतात. माझा गळा धरतो. डॉक्टरने दोनदा बॅटरी मारून आत पाहिलं, जीभ बाहेर काढायला लावली, 'आऽऽ' करायला लावलं. काही सापडलं नाही. सापडायचंही नाही. तिथे अडकलंय ते एकच अक्षर आहे, आणि ते बॅटरीने दिसत नाही.

शिवाजी पार्कला सकाळी आम्ही चार-पाच पेन्शनर फेऱ्या मारतो. जानेवारी लागला की एका कोपऱ्यात शाळेची मुलं-मुली जमतात, फक्कीने रेषा ओढतात, दोन टोकांना दोन खांब रोवतात. आठ जण ओळीने बसतात, एकाचं तोंड समुद्राकडे तर शेजारच्याचं रस्त्याकडे. नववा उभा राहतो. एवढं दिसलं की मी मफलर नाकापर्यंत ओढतो आणि फेरीची दिशा बदलतो. सोबत्यांना वाटतं, ह्याला धुळीचं वावडं आहे. धुळीचं काही नाही हो. मला भीती वाटते ती माझ्या तोंडाची. न जाणो, अजूनही निसटायचं.

हंगाम तो संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतला. साल मुद्दाम सांगत नाही. आमच्या तेव्हाच्या कॉलेज संघातले दोघे-तिघे अजून धडधाकट आहेत, आणि त्यांना माझा पत्ता माहीत आहे.

त्या थंडीत सगळ्या मुंबईचा घसा बसला होता. गिरगावात, परळला, लालबागला, जिकडे जावं तिकडे माणसं खरखरीत आवाजात बोलायची. वाण्याकडे संक्रांतीचा गूळ मागणारी बाईसुद्धा नुकतीच सभेहून आल्यासारखी वाटायची. माझा घसा मात्र बसत नव्हता. देवाने मला दंडात काही दिलं नाही, पायांत दिलं नाही, परीक्षेचे निकाल पाहता डोक्यातही फारसं नसावं. जे काही होतं ते सगळं त्याने घशात ओतलं. फणसवाडीतल्या आमच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून मी 'आई' म्हटलं की शेजारच्या दोन चाळींतल्या आया बाहेर डोकवायच्या. त्यामुळे मोर्चात माझी जागा ठरलेली, पुढून तिसरी रांग. मी 'संयुक्त महाराष्ट्र' म्हणायचं, मागच्यांनी 'झालाच पाहिजे' म्हणायचं. एकदा एका सभेत वक्ते नुसते खोकायला थांबले. मला वाटलं, भाषण संपलं. मी आरोळी ठोकली, सगळ्या मैदानाने उत्तर दिलं, आणि वक्त्यांनी बिचाऱ्यांनी उरलेला अर्धा मुद्दा गिळून नमस्कार केला. घाई हा माझा जुना रोग. पण तेव्हा मी त्याला उत्साह म्हणायचो.

आमचं कॉलेज दादरच्या अंगाला. तिथे क्रिकेटवाल्यांचा थाट वेगळा. आमची भक्ती मात्र खो-खोवर. मी स्वतः पहिल्या वर्षी चाचणीला बसलो होतो. बसलो म्हणजे खरंच बसलो. पायाला मुंग्या आल्या. पाठीत 'खो' बसल्यावर मी तडफेने उठलो आणि जागच्या जागी आडवा झालो. पळणारा गडी माझ्यावरून उडी मारून गेला आणि जाता जाता 'माफ करा हं' म्हणाला. खेळाडू म्हणून माझी कारकीर्द एवढीच. त्या दिवसापासून मी जाणकार झालो.

जाणकारांची बैठक जिमखान्याच्या मागच्या पायऱ्यांवर भरायची. खो-खोत पळणाऱ्याचं कौतुक सगळे करतात, त्याच्या हुलकावण्यांवर बायकाही टाळ्या देतात. आम्हाला त्यात रस नव्हता. आमचा जीव अडकलेला होता बसणाऱ्या आठांत. ती ओळ म्हणजे सापळा. सापळ्याचा एक दात जरी उशिरा मिटला तरी उंदीर गेला. आणि आमच्या संघाची ओळ त्या वर्षी उशिरा मिटत होती, हे सगळ्या कॉलेजचं दुखणं होतं. आम्ही आपापल्या चपला काढून पायरीवर मांडायचो, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. ही कर्णधाराची, ही अमक्याची, ही तमक्याची. सात चपलांवर एकमत झालं होतं. भांडण होतं ते आठव्या चपलेचं.

ती आठवी जागा खांबाशेजारची. पळणारा तिथे येऊन वळतो. त्याला धरायची शेवटची संधी तीच, त्यामुळे तिथे बसणाऱ्याच्या पाठीत 'खो' बसला की त्याने विजेसारखं सुटावं लागतं. माहीमच्या काणेचं म्हणणं, तिथे सहा फुटी साठेच बसवायला हवा. हा काणे बोलताना एक बोट हवेत ठेवायचा, जणू काही तिथे फळा आहे.

"हात लांब पाहिजेत, हात!" तो म्हणायचा. "खांबापाशी बुटका बसवणं म्हणजे विहिरीवर आखूड दोर."

"अरे काण्या, पण साठेला उठून उभा राहायलाच तीन हप्ते लागतात," मी म्हणायचो. "पाय आधी उठतात, डोकं नंतर येतं."

"आणि तुझा तो बाबल्या? तो तर बसल्या जागी घोरतो."

"बाबल्या बसलाच पाहिजे!" मी आरोळी द्यायचो.

"बसेल रे, बसण्यात काय आहे? उठेल का ते बघ!"

त्याच्या त्या वाक्यावर पायऱ्या हसायच्या. मीही हसायचो. घंटा झाली की चपला पायांत घालताना नेहमी दोघांच्या डाव्या-उजव्या बदलायच्या आणि वर्गात सगळे लंगडत जायचे.

बाबल म्हणजे माझा मित्र बाबल परब. लालबागचा, मूळ मालवणकडचा, बुटका, रुंद, आणि चालताना नुकताच झोपेतून उठल्यासारखा. पण त्याचे कान! ओळीत बसला की मान खाली, नजर दोन पावलांपुढच्या मातीवर, आणि सगळा माणूस कानांत. आमच्या जिमखान्याच्या सरांनी मुलांना एकच गोष्ट घोकवली होती: पाठीत हात आणि कानात 'खो', दोन्ही मिळाल्याशिवाय उठायचं नाही. आकाश पडलं तरी नाही. बाकीच्यांनी ते ऐकलं, बाबलने ते अंगात मुरवलं.

त्याचा पुरावाही मिळाला. शहरात वातावरण तापलेलं होतं, चार माणसं एकत्र दिसली की पोलीस हटकायचे. एका सकाळी पार्कात आमची मुलं सरावाला बसली होती आणि सर यायचे होते. तेवढ्यात एक हवालदार आला. त्याने पाहिलं, आठ तरुण मातीत ओळीने बसलेत, तोंडं दोन दिशांना, कोणी बोलत नाही. त्याचा समज काय व्हायचा तो झाला.

"चला, उठा! सत्याग्रह दुसरीकडं करायचा."

कोणी उठलं नाही.

"उठा म्हणतो ना!"

साठे चुळबुळला, दोघांनी माना वर केल्या. बाबलची पापणीसुद्धा हलली नाही. हवालदार त्याच्यासमोर उभा राहिला, खाली वाकला, दंडुका जमिनीवर आपटला. बाबल मातीकडे बघत राहिला. मी कडेला होतो आणि काहीतरी करायला हवं म्हणून मी काय करावं? मी नेहमीच्या सवयीने ओरडलो, "बाबल्या बसलाच पाहिजे!" झालं, हवालदाराची खात्रीच पटली. आता आठ जण आणि एक पुढारी अशी धरपकड व्हायची, तेवढ्यात सर धावत आले, खांब दाखवले, फक्कीच्या रेषा दाखवल्या. हवालदार सातारकडचा निघाला, शाळेत स्वतः खेळलेला. त्याने टोपी मागे सारली, बाबलच्या मागे गेला, पाठीवर हळूच हात ठेवला आणि म्हणाला, "खो."

बाबल सुटला तो थेट खांबापर्यंत.

सरांनी त्याच दिवशी आठवी जागा त्याला दिली. काणे पायरीवर दोन दिवस फिरकला नाही.

बाबलला ती जागा हवी होती ती टाळ्यांसाठी नव्हे. त्याला व्यायामशिक्षक व्हायचं होतं. शिक्षणाच्या त्या अभ्यासक्रमात शिरायला विद्यापीठाच्या संघात निवड झाल्याचं प्रमाणपत्र जवळ असेल तर वाट सोपी, आणि निवड करणारे आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामन्याला येऊन बसणार होते. त्याचे वडील, आबा, गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, होते. त्यांनी मुकादमाशी बोलून मुलासाठी बदली कामगाराची जागा धरून ठेवली होती. शिमग्यानंतर रुजू व्हायचं. आबांनी बाबलला हंगामापुरती मोकळीक दिली होती, त्यापुढे एक दिवस नाही. निवड झाली तर शिक्षण, नाही तर साचे. मधलं काही नव्हतं.

मी लालबागला त्यांच्या खोलीवर गेलो की आबा मला समोर बसवायचे, हातावर चहाची बशी ठेवायचे आणि विचारायचे, "तू शिकलेलो आसस, तू सांग. मातयेत बसान माणूस मास्तर होता काय?"

"होतो, आबा. ड्रिल मास्तर होतो."

"आणि झालो नाय तर?"

मी चहा फुंकत बसायचो. बाबल दाराशी उभा राहून अंगठ्याने उंबरा घासत असायचा.

मग मी मनावर घेतलं. जाणकाराने नुसतं पायरीवर बसून कसं चालेल? त्यांच्या चाळीच्या मागे गटाराकडेला एक मोकळी पट्टी होती. संध्याकाळी मी तिथे बाबलला बसवायचो आणि त्याच्या मागे उभा राहून 'खो' द्यायचो. पाठीवर थाप, 'खो', आणि तो सुटला. परत ये, बस. थाप, 'खो'. पन्नास झाले की मी बोरं खायला थांबायचो, मग आणखी पन्नास. पुढे पुढे माझे पाय दुखायला लागले, म्हणून मी चाळीच्या पायरीवरच बसून नुसता 'खो' म्हणायला लागलो. थापेची काय गरज, कान तयार झाले म्हणजे झालं, असा माझा शास्त्रीय विचार. माझा आवाज त्याच्या कानात असा बसला की 'खो'मधला 'ख' उमटायच्या आत त्याचे तळपाय माती सोडायचे. मला कोण अभिमान! मी पायऱ्यांवर सांगत सुटलो की ओळीचं दुखणं मी बरं केलं.

सामना दोनदा पुढे गेला. एकदा शहरात संचारबंदी लागली म्हणून, एकदा मैदानावर सभा ठेवली होती म्हणून. त्या दिवसांत रोज पहाटे मला आपोआप जाग यायची. वर्तमानपत्र उघडताना एक डोळा मिटलेला. गोळीबाराच्या बातम्या वाचून घरातली माणसं गप्प व्हायची, आणि त्या गप्प बसण्यात मी मनातल्या मनात सामन्याची तारीख शोधायचो, मग स्वतःचीच लाज वाटायची. शहर कशासाठी जागं होतं आणि मी कशासाठी! पण काळजीला कुठे मोठं-लहान कळतं? ती जिथे जागा मिळेल तिथे बसते. लालबागच्या त्या खोलीत शिमगा एकेक दिवसाने जवळ येत होता, एवढं मला दिसत होतं.

शेवटी सामना झाला. दुपारचं ऊन, वर निळं आभाळ, खाली उडणारी लाल धूळ, आणि दोन्ही कॉलेजांची माणसं दोरीला टेकून उभी. आबा आले होते. दुसऱ्या पाळीला जायचं म्हणून हातात जेवणाचा डबा तसाच. ते माझ्या उजव्या हाताला येऊन उभे राहिले. "काय चल्लाहा ता माका समजावन सांग," म्हणाले. डाव्या हाताला काणे.

सामन्याचं सगळं वर्णन आता मला करता येत नाही. मला फक्त शेवटचा तुकडा आठवतो, पण तो रोज आठवतो. आमची बसायची पाळी, दोन्हीकडे गुण सारखे, अर्धं मिनिट उरलेलं, आणि त्यांचा एक शेवटचा गडी मैदानात. सावळा, किडकिडीत पोरगा, माशासारखा निसटणारा. आमचा कर्णधार त्याला रेटत खांबाकडे नेत होता. दोरीभोवती कोणी श्वास घेत नव्हतं. पोरगा बाबलच्या पाठीमागच्या बाजूने येत होता. त्याने बाबल आणि खांब यांच्या मधून पलीकडे शिरावं, आणि तो शिरला की त्याच क्षणी कर्णधाराने बाबलला खो द्यावा. तेवढंच राहिलं होतं. सापळ्याचा शेवटचा दात.

मला ते सगळं दिसलं. इतकं स्वच्छ दिसलं की मला वाटलं, ते झालंच आहे. आणि मी म्हणालो,

"खो!"

त्या सबंध मैदानात तेवढा एकच आवाज झाला.

बाबल सुटला. कर्णधार अजून तीन पावलं मागे होता. पोरगा अजून शिरलाच नव्हता. त्याने बाबलला उठलेला पाहिला, जागच्या जागी गिरकी घेतली आणि गोंधळलेल्या कर्णधाराला चुकवून आल्या वाटेने परत पळाला. पंचांची शिटी झाली, हात लागल्याशिवाय उठला म्हणून चूक. ती शिटी विरते न विरते तोच वेळ संपल्याची दुसरी झाली. बरोबरीवर जास्त वेळ खेळवला, त्यात आमचे खांदे पडलेले होते. एका गुणाने हरलो.

मराठीत 'खो देणं' म्हणजे आपली धाव दुसऱ्याच्या हाती सोपवणं, आणि 'खो घालणं' म्हणजे दुसऱ्याचं होत आलेलं काम मोडणं. क्रियापद तेवढं बदलायचं. मला वाटत होतं, मी देत होतो.

सरांनी बाबलला सगळ्यांसमोर विचारलं, "हात लागला होता पाठीला?"

"नाही, सर."

"मग उठलास कसा?"

"खो ऐकला, सर."

"कोणी दिला?"

बाबलने एकदा दोरीकडे पाहिलं. मी काण्याच्या मागे सरकलो. बाबलची नजर खाली गेली, पायाच्या अंगठ्यावर स्थिरावली. "कळलं नाही, सर."

"हलक्या कानाचा गडी," सर म्हणाले आणि फिरले. आबांनी डब्याची कडी नीट लावली. माझ्याकडे न बघता "पाळयेची वेळ झाली," एवढंच बोलले आणि परळच्या दिशेने चालायला लागले.

बाबलने ओळखलं होतं का? आबांनी ऐकलं होतं का? पुढचे आठ दिवस मी ह्या दोन प्रश्नांवर जेवलो आणि त्यांच्यावरच निजलो. म्हणजे जेवलो नाही आणि निजलो नाही. निवडीची यादी लागायला आठवडा होता. मोर्चात गेलो, तिसऱ्या रांगेत उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि आतून नुसती हवा आली. शेजारच्याने माझ्याकडे बघून स्वतःच आरोळी दिली. आई म्हणाली, "घसा बसला वाटतं एकदाचा," आणि हळद घातलेलं दूध पुढे केलं. तिच्या चेहऱ्यावर शेजाऱ्यांना मिळालेल्या विश्रांतीचा आनंद स्पष्ट दिसत होता.

पायऱ्यांवर काणे रोज सात चपला सरळ मांडायचा आणि आठवी पालथी घालायचा. "ह्याच्या कानात कापूस घालून बसवायला हवा होता," म्हणायचा. सगळे हसायचे. एक दिवस माझ्याही तोंडातून हसू निघालं. बारीक, केविलवाणं, पण निघालं. आणि त्या क्षणी मला माझ्याच हसण्याची इतकी शिसारी आली की मी तसाच उठून अनवाणी सरांच्या खोलीत गेलो.

"सर, तो खो माझा होता."

सरांनी चष्मा काढला. "तू? तू कशाला खो देतोस? तू कोण संघातला?"

"जाणकार," मी म्हणालो.

सरांनी मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ते मला दुसऱ्या सकाळी पार्कात घेऊन गेले, निवड करणाऱ्या गृहस्थांकडे. कोट, धोतर, गळ्यात शिटी, आणि माणसाला तराजूत टाकल्यासारखी नजर. बाबललाही बोलावलं होतं. त्याच्याबरोबर आबा आले होते, पाळी दुपारची होती म्हणून; तिथूनच पुढे गिरणीत जायला डबा हातात होता. मी ततपप करत सगळं सांगितलं, चाळीमागच्या पट्टीपासून.

"मित्रासाठी खोटं बोलणारे मी पुष्कळ पाहिलेत," ते गृहस्थ म्हणाले. "त्याचे कान तुझ्या आवाजाला लागलेत म्हणतोस? मग होऊन जाऊ दे. मुला, बस तिथे. आणि तू, त्या झाडापाशी जा. तिथून दे तुझा तो खो."

मी झाडापाशी गेलो. बाबल पाठमोरा बसला होता, मान खाली. त्याची रुंद पाठ मी शेकडो वेळा पाहिली होती, पण तेव्हा ती दाराच्या फळीसारखी वाटली. मला एकदम कळलं की आपण काय मागतो आहोत. तो उठला तर मी खरा आणि तो हलक्या कानाचा. नाही उठला तर तो शहाणा आणि मी खोटारडा, म्हणजे सामन्यातली चूक पुन्हा त्याच्याच माथी. कुठूनही मोजा, बाबल खालीच. मी डोळे मिटले आणि ओरडलो.

बाबल हलला नाही.

"पुन्हा," गृहस्थ म्हणाले.

पुन्हा ओरडलो. आवाज फाटला. बाबल मातीकडे बघत बसलेला. तिसऱ्यांदा तर पार्कातली दोन कुत्री तेवढी उठली.

गृहस्थांनी सरांकडे बघून मान हलवली. "भला मुलगा आहे, पण खोटं नीट बोलता येत नाही. चला."

तेव्हा इतका वेळ बाजूला उभे असलेले आबा पुढे आले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "सायबानू, हो खोटा बोलणा नाय. हो आराडलो त्या दिवशी. मी बाजूक होतंय."

"तुम्ही कोण?"

"बापूस त्याचो."

"मग तुम्ही मुलाच्या बाजूनेच बोलणार."

"माका काय गरज? गिरणीत जागा धरून ठेवलंय मी त्याची. तुम्ही घेतलास नाय तर माझा कामच झाला." आबांनी एक बोट कानाला लावलं. "वीस वर्सा साच्यांत काढलंय. घरात बायल हाक मारता, ती माका दिसता. ऐकाक येना नाय. त्या दिवशी हो आराडलो, ता माका ऐकाक इला. माका इला, तर ह्या पोराक कसो येवचो नाय?"

गृहस्थांनी तोंड झाडाकडे फिरवलं. मग मुद्दाम हळू आवाजात म्हणाले, "आत्ता मी बोलतोय ते ऐकू येतंय?"

"काय म्हणालास?" आबांनी विचारलं.

सर हसले. गृहस्थांनी खिशातून यादी काढली आणि झाडाच्या बुंध्यावर टेकवून तिच्या तळाशी एक नाव लिहिलं. राखीव म्हणून. त्याहून जास्त काही करता येणार नाही, म्हणाले.

त्या दौऱ्यात बाबलला एक मिनिटही खेळायला मिळालं नाही. घोंगडी पांघरून कडेला बसून आला. पण प्रमाणपत्रावर राखीव आणि खेळलेला असा भेद नव्हता. पुढे परळच्या एका शाळेत तीस-बत्तीस वर्षं त्याने मुलांना मातीत बसवलं. पाठीत हात लागल्याशिवाय देवाचाही खो घ्यायचा नाही, हे तो इतकं दरडावून शिकवायचा की नवी पोरं रडायची. मी एकदा त्याला विचारलं की त्या सकाळी तू का उठला नाहीस, ठरवून? तो म्हणाला, "ठरवून कसलं रे! आवाज तुझा नव्हताच. कोणीतरी भ्यालेला माणूस ओरडत होता."

पण हे फार पुढचं. त्या सकाळी बाबल आईला सांगायला पुढे पळाला, आणि मी आबांबरोबर परळकडे चालायला लागलो. बोलायचं कसं, हा प्रश्न होता. रस्त्यात त्यांच्या कानाशी ओरडायची आता माझी छाती नव्हती. एका वळणावर, जिथे वर्दळ कमी होती, मी त्यांना हात धरून थांबवलं आणि त्यांना दिसेल असं, सावकाश विचारलं, "आबा, तुम्हाला तर तो गिरणीत यायला हवा होता. मग गप्प का नाही राहिलात?"

आबा माझ्या ओठांकडे बघत होते. मग म्हणाले, "आठ दिस रवलंय की गप. तूय रवलंस. तुका झोप इली?"

"नाही."

"माका तरी खंय इली," आबा म्हणाले आणि डबा या हातातून त्या हातात घेऊन गिरणीच्या दिशेने वळले.